भिंत गावात, चित्र शहरात

जुन्या वास्तूंविषयी वर्गात बोलत असता आम्ही स्पेनमधील ताऊल गावाची हकिकत सांगितली. कॅटलोनिया प्रांतात, पिरेनीज पर्वताच्या कुशीतील बोई खोऱ्यात हे लहानसे गाव वसले आहे. तेथे १० डिसेंबर ११२३ रोजी संत क्लेमेंटच्या चर्चची आणि दुसऱ्याच दिवशी सांता मारिया चर्चची प्रतिष्ठापना झाली. पहिले गावाच्या कडेला, दुसरे घरांच्या मधोमध. गावकऱ्यांचे पॅरिश चर्च ते हेच.

सांता मारियेची बांधणी साधी आहे. दगडी भिंती, गोल खांबांच्या दोन रांगांनी विभागलेली तीन दालने, वर लाकडी छप्पर, पूर्वेस अर्धवर्तुळाकार गाभारे आणि चौकोनी घंटामनोरा. वैभव होते ते मुख्य गाभाऱ्याच्या भिंतीवर: मांडीवर बाळ येशू घेऊन बसलेली मारिया आणि भेटी घेऊन आलेले तीन ज्ञानी पुरुष.

१९०७ साली बार्सिलोनाचे अभ्यासक या खोऱ्यात आले आणि येथील चित्रांचे मोल विद्वानांस कळले. ते व्यापाऱ्यांनाही कळले. कॅटलोनियातीलच मूर येथील चर्चची चित्रे विकली गेली व अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात पोहोचली. तेव्हा बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने बोई खोऱ्यातील चित्रे स्वतः विकत घेतली. १९१९ ते १९२३ या काळात इटालियन कारागिरांनी सरस लावलेले कापड चित्रांवर चिकटवले आणि ते वाळल्यावर रंगाचा थर भिंतीवरून सोलून काढला.

एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, व्यापाऱ्याने नेले काय आणि संग्रहालयाने नेले काय, गावाची भिंत उघडीच ना?"

आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. मग म्हणालो, "बाळ, फरक आहे. बार्सिलोनात ती चित्रे गाभाऱ्यासारख्या वक्र चौकटीवर बसवली आहेत आणि ताऊलचा माणूस आपल्याच प्रांतात जाऊन ती पाहू शकतो. तरीही तुझे म्हणणे खोटे नाही. ज्या मारियेपुढे त्याचे पूर्वज आठशे वर्षे गुडघे टेकत आले, तिच्या दर्शनाला आता त्याला संग्रहालयात जावे लागते."

२००० साली ही दोन्ही चर्चे जागतिक वारसा ठरली. २०१३ पासून संत क्लेमेंटच्या गाभाऱ्यात प्रकाशझोतांनी मूळ चित्र भिंतीवर उमटवून दाखवतात. काही मिनिटांनी प्रकाश मालवतो, आणि त्या विद्यार्थ्याने विचारलेली भिंत पुन्हा समोर उभी राहते.