वेदनेची थोरवी

मराठी समीक्षेला ‘वेदना’ हा शब्द फार प्रिय आहे. वेदनेने लेखन सखोल होते, असे आपण वर्गात निःशंकपणे शिकवतो. ही वेदना मात्र रूपकातली असते; कंबरेतली, सांध्यांतली नसते. फ्रेंच कादंबरीकार आल्फोन्स दोदे मज्जारज्जूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसने वर्षानुवर्षे तळमळत होता. त्या दुखण्यावरचे योजलेले पुस्तक १८९७ साली झालेल्या त्याच्या मृत्यूपर्यंत पुरे झाले नाही. तीन दशकांनंतर प्रसिद्ध झाली ती नुसती टिपणे.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्याला वैद्यक जुनाट म्हणते. त्याने झोप मोडते, वावर आक्रसतो, मागोमाग नैराश्य येते. आणि नैराश्याने दुखणे अधिकच जाणवते. दोहोंवर उपचार आहेत. नैराश्यावरची काही औषधे मज्जातंतूंच्या दुखण्यावरही दिली जातात. अशा माणसाला ‘सोसा आणि लिहा’ म्हणणे हे निव्वळ क्रौर्य आहे. सोसण्याची थोरवी गाणाऱ्या समीक्षकाने एवढे तरी मान्य करावे: गोळी घेऊन, शांत झोपून, एक ओळही न लिहिता त्याने काढलेला दिवस वाया गेलेला नसतो.