निवडून आला, पण ढग गडगडले

इ.स.पू. 215. शत्रू सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला. कॅनीच्या रणांगणावर रोमची फौज कापली गेली त्याला वर्षही झालेले नव्हते. कॉन्सलची, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाची, जागा रिकामी झाली आणि मतदारांनी मार्कस क्लॉडियस मार्सेलस या नावाजलेल्या सेनापतीला प्रचंड मतांनी निवडून दिले. तो सूत्रे हाती घेत असतानाच ढग गडगडले. लगेच ऑगर, म्हणजे शकुन पाहणारे पुरोहित, बोलावले गेले. निवडीत दोष राहिला आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला. दोन्ही कॉन्सल प्लेबियन, म्हणजे सामान्य कुळांतले, होण्याची ही पहिलीच वेळ, ती देवांना रुचलेली दिसत नाही, असे सिनेटमधल्या बड्या मंडळींनी गावभर केले. मार्सेलस पायउतार झाला. त्याच्या जागी आला फेबियस मॅक्सिमस. घराण्याने पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या उमराव कुळातला, आणि स्वतः ऑगर.

गंमत म्हणजे मार्सेलसही ऑगरच होता. मोहिमेवर निघताना तो बंद पालखीतून जात असे, म्हणजे वाटेत अपशकुन नजरेस पडायलाच नको, असे सिसेरोने लिहून ठेवले आहे. शकुनांच्या ज्ञानाची किंमत आतल्या माणसाला पक्की ठाऊक होती.

रोमच्या प्रजासत्ताकाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. कॉन्सल, सिनेट आणि लोकसभा यांचा सुरेख तोल, हे चित्र पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रंगवले आणि पुढे जगभरच्या घटनाकारांनी ते उचलले. चित्र खोटे नाही. पण तो तोल कोणा शहाण्याने बसून आखलेला नव्हता. तो एकेक हिसका देऊन मिळवावा लागला, आणि दर वेळी मिळालेल्या हक्काच्या पलीकडे आणखी एक बंद दार निघाले.

हे मर्म बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्येच नेमके पकडले होते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी रोमचा दाखला दिला. दोनपैकी एक कॉन्सल प्लेबियन असूनही प्लेबियनांना आपल्या बाजूने खमकेपणाने उभा राहणारा माणूस का मिळत नव्हता? कारण निवडून आलेला देवाला मान्य आहे की नाही, हे सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन. आंबेडकरांनी तिथे डेल्फीच्या देववाणीचा उल्लेख केला आहे. रोममध्ये हे काम रोजच्या रोज ऑगर करत. यंत्रणा तीच.

रोमची सुरुवातीची कहाणी आपल्याला मुख्यतः लिव्हीकडून कळते, आणि लिव्ही त्या घटनांनंतर शेकडो वर्षांनी लिहीत होता. इ.स.पू. 753 मधली रोम्युलसची स्थापना, सात राजे, 509 मध्ये उद्दाम टार्क्विनची हकालपट्टी, यातले किती खरे यावर अभ्यासक भांडत असतात. राजा गेला आणि एकाच्या जागी दोन कॉन्सल आले. मुदत एक वर्ष, आणि एकाने केलेले दुसऱ्याने अडवायचे. मात्र दोघेही मूठभर घराण्यांतले. शेतकऱ्याच्या दृष्टीने बदल काय झाला, तर काहीच नाही. तो लढाईवर जाई, मागे शेत पडीक राही, परत आल्यावर सावकार दारात उभा. कर्ज फिटले नाही की कर्जदाराने स्वतःलाच सावकाराच्या ताब्यात द्यायचे.

इ.स.पू. 494 मध्ये हे सैनिक सरळ उठले आणि शहर सोडून तीन मैलांवरच्या पवित्र टेकडीवर जाऊन बसले. जाळपोळ नाही, लूट नाही. शत्रू आला तर लढणार कोण, हा प्रश्न सिनेटच्या गळ्यात टाकला. सिनेटने मेनेनियस अग्रिपाला समजूत घालायला धाडले. हात-पाय पोटावर रुसले आणि शेवटी स्वतःच खंगले, ही गोष्ट त्याने सांगितली आणि लोक शांत झाले, असे पुस्तकांत असते. हे पटणे कठीण. लोक परतले ते गोष्ट ऐकून नव्हे, प्लेबियनांचा कैवारी अधिकारी, म्हणजे ट्रिब्यून, पदरात पडल्यावर.

ट्रिब्यून हे पदच अजब होते. त्याच्याकडे फौज नाही, फरशी-काठ्या घेऊन पुढे चालणारे शिपाई नाहीत. त्याच्या अंगाला कोणी हात लावला तर त्याचा जीव घेऊ, अशी प्लेबियनांनी घेतलेली शपथ, एवढीच त्याची ताकद. त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे हवे, आणि शहराबाहेर रात्र काढायची त्याला मुभा नव्हती. सुरुवातीच्या काळात त्याला सिनेटच्या सभागृहात प्रवेशही नसे. तो दाराबाहेर बाक टाकून बसे, आतून आलेले ठराव तपासे आणि नको असेल तिथे अडवणूक करी. रोमच्या राज्यव्यवस्थेतली सर्वांत कल्पक गोष्ट कोणती, तर हा दाराबाहेरचा बाक.

पुढची लढाई कायद्याची. कायदा होता, पण तो पुरोहितांच्या तोंडी. तो लिहून मांडा, या मागणीतून 451-450 मध्ये बारा फलक झाले. त्यांतली कलमे वाचताना अंगावर काटा येतो. निकाल लागल्यावर कर्जदाराला तीस दिवसांची सवड. मग सावकाराने त्याला बेड्या घालून साठ दिवस ठेवावे, दिवसाला एक पौंड धान्य द्यावे, लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी चव्हाट्यावर उभे करावे, आणि कोणी सोडवले नाही तर टायबरपलीकडे विकावे किंवा मारावे. शिवाय पॅट्रिशियन-प्लेबियन विवाहाला बंदी. ती पाच वर्षांतच, 445 मध्ये उठवावी लागली. कायदा क्रूर होता, पण आता निदान तो उघड झाला होता.

कॉन्सलपदाचे दार 367 मध्ये उघडले. लिसिनियस आणि सेक्स्टियस या ट्रिब्यूनांनी निवडणुका वर्षानुवर्षे रोखून धरल्या, असे लिव्ही सांगतो. त्यांनी तीन मागण्या एकत्र बांधल्या होत्या: कर्जातून भरलेले व्याज वळते करणे, सरकारी जमिनीच्या कबजाला पाचशे युगेरांची (युगेर हे रोमचे जमिनीचे माप) मर्यादा आणि एक कॉन्सल प्लेबियन. लोकांना पहिल्या दोन पुरेशा होत्या. पुढाऱ्यांनी बजावले, घ्यायचे तर तिन्ही घ्या. दहा वर्षांनी याच लिसिनियसला स्वतःच्याच कायद्याखाली दंड झाला. त्याच्याकडे हजार युगेरे जमीन निघाली. मुलाला कागदोपत्री वेगळा काढून त्याने मर्यादा चुकवली होती. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर महाराष्ट्रात काय काय झाले हे पाहिलेल्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

आणि 327 मध्ये आला मार्सेलसच्याच कुळातला एक प्लेबियन डिक्टेटर, म्हणजे तात्पुरता नेमलेला सर्वाधिकारी. ऑगरांनी त्याचीही नेमणूक सदोष ठरवली. नेमणूक झाली होती दूर छावणीत, मध्यरात्री, नीरव शांततेत. मग रोममध्ये बसून यांना दोष दिसला कसा, हा ट्रिब्यूनांचा सवाल होता. उत्तर मिळाले नाही. डिक्टेटर मात्र गेला.

यानंतरचा नायक सेनापती नव्हे, कारकून आहे. ग्नेयस फ्लेव्हियस, मुक्त गुलामाचा मुलगा. कोर्ट कोणत्या दिवशी भरते आणि कोणत्या दिवशी नाही, हे पंचांग पुरोहित स्वतःजवळ ठेवत. दाव्यात उच्चारायचे ठरीव शब्दही त्यांच्याच कपाटात. एक शब्द चुकला तर दावा बाद. 304 मध्ये फ्लेव्हियसने ते शब्द प्रसिद्ध केले आणि पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहून फोरमभर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, लावले. त्याच वर्षी तो अधिकारपदावर निवडून आला, तेव्हा सरदारांनी निषेध म्हणून बोटांतल्या सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवल्या. एकदा तो आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला असता तिथली उमराव पोरे उठून उभी राहिली नाहीत. फ्लेव्हियसने आपली अधिकाराची खुर्ची तिथेच मागवली आणि तिच्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहिला.

चार वर्षांनी ओगुल्नियस बंधूंच्या कायद्याने पुरोहितपदे खुली झाली. चार ऑगर होते, त्यांत पाच प्लेबियनांची भर पडली. 287 मध्ये प्लेबियन सभेचे ठराव साऱ्या रोमवर बंधनकारक झाले. तरी 215 मध्ये ढग गडगडलेच, आणि तेव्हा ऑगरांत प्लेबियनही बसत होते. दोन्ही कॉन्सल प्लेबियन व्हायला 172 साल उजाडले. 367 पासून मोजली तर 195 वर्षे.

तोवर प्लेबियन हा शब्दही पहिला राहिला नव्हता. मार्सेलस, सेम्प्रोनियस ही घराणी पॅट्रिशियनांच्या पंक्तीला बसली होती. टेकडीवर जाऊन बसलेल्या शेतकऱ्याच्या वंशजाला कर्जासाठी देह गहाण टाकण्यापासून सुटका मिळाली, 326 मध्ये, आणि ती मोठीच होती. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत मात्र त्याला स्थान असे थोडेच. तिच्या जुन्या रचनेत 193 गट. स्वारांचे 18 आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे 80 मिळून 98, म्हणजे तिथेच बहुमत. ज्यांच्याकडे काहीच नाही अशा साऱ्यांचा मिळून एक गट. बहुमत झाले की मतदान थांबवत, त्यामुळे या शेवटच्या गटाची पाळी सहसा येतच नसे.