आपले नाव कोणत्या प्रभागात?



"क्वार्टर रेल्वेचे, पाणी रेल्वेचे, दवाखाना रेल्वेचा. मग नगरसेवकाशी आपला संबंध काय?" द्वारसभेत हा प्रश्न हमखास येतो. वसाहतीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले की रस्ता, गटार, दिवे, मंडई, स्मशानभूमी सारे नगरपालिकेचे. मुलाच्या जन्माचा दाखला तीच देते, बापाच्या मृत्यूचाही. डेंग्यूचा डास काही पास दाखवून आत येत नाही. टपाल खात्यातल्या कितीतरी बांधवांना तर क्वार्टरच नाही. ते भाड्याच्या खोलीत राहतात, आणि त्यांच्या नळाला पाणी किती वाजता येणार हे पालिका ठरवते. रेल्वेवाल्यालाही निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून तिथेच यायचे आहे.

१९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा असे १८ विषय आहेत. पण नगरसेवकाजवळ निधी थोडा आणि मागण्या फार. आधी कोणत्या गल्लीचे गटार बांधायचे, हे ठरवताना तो मतदार यादी उघडतो. ज्या वसाहतीत हजार माणसे राहतात आणि यादीत शंभर नावे आहेत, तिचे निवेदन खाली जाते. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

हे मत आपल्याला सहज मिळालेले नाही. मुंबईत एके काळी पालिकेच्या मताचा हक्क कर आणि भाड्याच्या रकमेवर ठरे. प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. आणि एका मताने काय होते म्हणणाऱ्यांनी २०१७ ची मुंबईची निवडणूक आठवावी. प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना समान मते पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला.

खरी अडचण वेगळीच आहे. आपली नावे गावाकडे आहेत. गावात घर आहे, भाऊबंद आहेत, ग्रामपंचायतीला आपले मत लागते. ही ओढ आम्ही समजतो. पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नाव तिथेच, जिथे आपण सर्वसाधारणपणे राहतो. केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावर ते टिकत नाही, आणि दोन ठिकाणी नाव ठेवणे हा तर कायद्याचा भंग. २०२५ मध्ये बिहारपासून सुरू झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात पत्त्यावर न सापडलेल्यांची नावे वगळली गेली. म्हणजे गावचेही जायचे आणि इथलेही नाही! मतदार ओळखपत्रे स्पीड पोस्टाने दारोदार पोहोचवणाऱ्या पोस्टमनचेच नाव यादीत नसावे, हे कसे चालेल?

सरकारी नोकराने या भानगडीत पडू नये, असेही काही जण सांगतात. आचरण नियमांत प्रचाराला बंदी आहे, मतदानाला नाही. मत कोणाला दिले ते मात्र बोलू नये.

यादी वेळेवर तपासणे महत्त्वाचे. १५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले; त्यासाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरली होती. डिसेंबरात धावपळ करणारे बाहेर राहिले. आता पात्रतेच्या तारखा वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. घरात कोणी अठरा वर्षांचे झाले तर त्याच्यासाठी फॉर्म ६; बदली होऊन पत्ता बदलला तर फॉर्म ८. आधारवर गावचा पत्ता आणि वीजबिल पगारातून कापले जाते, म्हणून पुरावा नाही, अशी तक्रार वसाहतीत नेहमीची. अशा वेळी चालू पत्त्याचे बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक चालते. ते आपल्याच काउंटरवर मिळते. इटारसी, झाशीकडच्या साथींनी एक ध्यानात ठेवावे: मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, केरळ अशा राज्यांत स्थानिक संस्थांची यादी वेगळी तयार होते. विधानसभेला नाव होते म्हणून नगरपालिकेला असेलच असे नाही.

शाखा सचिवांनी पुढच्या मासिक सभेला फॉर्म ८ च्या प्रती आणाव्यात आणि वसाहतीची यादी ब्लॉकवार तपासावी. सुरुवात वर्षभरात बदली होऊन आलेल्यांपासून करावी.