वर्दीतील लेकीला वाली कोण?

कोल्हापूर जिल्ह्यातील आळते गावच्या कन्या अश्विनी बिद्रे पोलीस दलात सहायक निरीक्षक होत्या. 11 एप्रिल 2016 रोजी त्या बेपत्ता झाल्या. त्यांचा खून त्याच दलातील वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर याने केला, हे पनवेलच्या सत्र न्यायालयात सिद्ध होण्यास एप्रिल 2025 उजाडला. कुटुंबीयांनी 2016 मध्येच तक्रार दिली होती. आरोपीला अटक झाली डिसेंबर 2017 मध्ये, आणि त्याआधी जानेवारी 2017 मध्ये त्याला राष्ट्रपती पदक जाहीर झाले होते! यास काय म्हणावे?

हा दोघांमधील खासगी मामला होता, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. गुन्हा व्यक्तीने केला. विलंब केला तो यंत्रणेने. स्वतः पोलीस असलेल्या स्त्रीच्या कुटुंबाची ही गत, तर दलातील सामान्य शिपाई भगिनीने वरिष्ठाविरुद्ध कोणत्या भरवशावर तोंड उघडावे?

राज्यघटनेच्या 33 व्या कलमान्वये पोलिसांचे काही मूलभूत हक्क मर्यादित करता येतात. 1966 च्या कायद्याने परवानगीविना संघटना करण्यास व वृत्तपत्रांकडे जाण्यास त्यांना मनाई केली. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी शिस्त हवीच. त्याबद्दल दुमत नाही. परंतु समानतेचा हक्क या कायद्याने काढून घेतलेला नाही. ज्याला संघटनेचे दार बंद आहे, त्याच्यासाठी न्यायाचे दार अधिकच मोकळे हवे. मानवाधिकारांचा अहोरात्र घोष करणाऱ्या मंडळींना वर्दीतील माणूस मात्र क्वचितच आठवतो.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा पोलीस दलालाही लागू आहे. समितीवर बाहेरचा एक सदस्य आणि 90 दिवसांत चौकशी, अशी त्यात तरतूद आहे. तथापि ही समिती नेमते कार्यालयच. बदली, रजा आणि गोपनीय अहवाल ज्याच्या हाती, त्याला रोज सलाम करणारे सदस्य त्याच्याविरुद्ध निर्भयपणे निर्णय देतील काय?

राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून करवीर संस्थानातील नोकरीचे दार उघडले. आज राज्याने महिलांसाठी 30 टक्के जागा राखल्या आहेत. पण दार उघडून आत असुरक्षितता ठेवणे, हा कसला सन्मान?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. अधिकाऱ्याविरुद्धची चौकशी त्याच्या अधिकारकक्षेबाहेरील समितीने करावी. चौकशीकाळात बदली करायची झाल्यास ती तक्रारदार स्त्रीची नव्हे, आरोप असलेल्या अधिकाऱ्याची व्हावी. गंभीर तक्रार प्रलंबित असता पदक वा पदोन्नती देऊ नये.

रांझे गावच्या पाटलाने स्त्रीशी बदअंमल केला, तेव्हा शिवछत्रपतींनी तो आपल्याच राज्याचा वतनदार आहे, हे पाहिले नाही. 1646 मध्ये त्याचे हातपाय तोडून पाटीलकी काढून घेतली. आज हातपाय तोडण्याचे कारण नाही. कायदा पुरेसा आहे. हवी आहे ती, तो आपल्याच माणसावर चालविण्याची हिंमत.