इसब उसळतो तेव्हा

मार्गशीर्ष-पौषातील कोरडी थंडी पडू लागली की अनेक ज्येष्ठांच्या नडग्यांवरील त्वचा भेगाळते, लालसर होते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताच खाज सुटते. डॉक्टर ज्याला एक्झिमा म्हणतात तोच हा इसब. रुग्णाबरोबर घरातील दुसऱ्या कोणाची तरी झोपही उडते, आणि मग ‘खाजवू नका हो’ हे वाक्य दिवसभरात दहा वेळा उच्चारले जाते. शुश्रूषा करणाऱ्यांना माझी पहिली विनंती अशी, की हे वाक्य सोडून द्यावे. इसबाची खाज म्हणजे वाईट खोड नव्हे. मनाई केली की माणूस चादरीआड खाजवतो, इतकाच फरक पडतो. त्याऐवजी थंड पाण्यात भिजवून पिळलेला मऊ सुती पंचा त्या जागी दहा मिनिटे ठेवावा. नखे आठवड्याला कापून कानशीने गुळगुळीत करावीत. ज्यांना स्वतःची नखे नीट दिसत नाहीत, त्यांची ती दुसऱ्याने कापावीत.

वय वाढते तसे त्वचेतील स्निग्ध द्रव्य कमी होते. त्वचेचा बाहेरचा थर विरळ होऊन आतील ओलावा उडून जातो आणि साबण, लोकर, धूळ यांना आत शिरण्यास वाट मिळते. म्हणून या विकारात मुख्य उपचार स्निग्धतेचा आहे. औषधी मलमाचा क्रम त्यानंतरचा. घरोघरी मात्र नेमके उलटे घडते. खाजेला कंटाळून कढत पाणी घेतले जाते, वज्रीने अंग घासले जाते, पाण्यात जंतुनाशक द्रव ओतला जातो, कोणी लिंबू चोळतो तर कोणी लसूण. दिवाळीचे उरलेले उटणे संपेपर्यंत वापरण्याची काटकसरही आपल्याकडे आहेच! कढत पाण्याने खाज क्षणभर शमते, हे खरे; म्हणूनच तो मोह सुटत नाही. पण तासाभरात ती दुप्पट होऊन परतते.

स्नान कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकावे. साबण काखा, जांघा आणि पावले एवढ्यापुरताच ठेवावा. अंग टिपावे, पुसू नये. आणि त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, साधी पेट्रोलियम जेली किंवा बिनसुगंधी स्निग्ध मलम लावावे. खोबरेल तेलही चालते, मोहरीचे टाळावे. हे काम न्हाणीघरात उभ्याने करू नये. तेलकट तळवा आणि ओली फरशी यांचा संयोग इसबापेक्षा कितीतरी महागात पडतो. रात्री निजताना पुन्हा एकदा मलम लावावे. इसब अंगभर पसरला असेल, तर आठवड्याला पाव किलो मलमही सहज संपते, हे ठाऊक नसल्यामुळे लोक लहानशी नळी महिनाभर पुरवतात आणि गुण येत नाही म्हणतात.

आता स्टिरॉइडच्या मलमाविषयी. काही घरांत त्याचे नाव काढताच भीती वाटते, तर काही घरांत तेच मलम वर्षानुवर्षे कशावरही चोपडले जाते. दोन्ही टोके घातक आहेत. इसब उसळलेला असताना डॉक्टरांनी दिलेले मलम पुरेसे लावावे. पुरेसे म्हणजे किती? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम; बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. खाज थांबली की लगेच मलम बंद करू नये. बोट फिरवून पाहावे. खरखरीतपणा उरला असेल तर दाह आत धुमसत आहे असे समजून डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. स्निग्ध मलम आणि हे मलम यांत अर्ध्या तासाचे अंतर असावे. चेहरा, जांघा आणि काखांसाठी पायांचे मलम वापरू नये.

अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास सरकारने २०१८ मध्ये प्रतिबंध केला; तरीही तीन-तीन औषधांची मिश्रणे मागितल्याबरोबर हाती पडतात. जो डाग इसब वाटतो, तो गजकर्ण असला तर अशा मिश्रणाने लाली ओसरते आणि बुरशी मात्र पसरत जाते. घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी रात्रीची खाज सुटली असेल आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती बहुधा खरूज असते. तिच्यावर उपचार साऱ्या घराने एकाच दिवशी करावे लागतात.

झोपेसाठी खाजेची गोळी परस्पर आणू नये. जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी गुंगी येते, रात्री उठताना तोल जातो, आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. रक्तदाबाचे एखादे नवे औषध सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी अंगभर इसब उठला असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. औषध मात्र मनाने थांबवू नये. घोट्यांवर सूज, काळपट त्वचा आणि फुगलेल्या शिरा असल्यास मूळ दुखणे शिरांचे असते. तेथे नुसत्या मलमाने भागत नाही.

पाठीपर्यंत स्वतःचा हात पोहोचत नाही, आणि मागायला संकोच वाटतो. एकट्या राहणाऱ्यांनी लांब दांड्याच्या मऊ स्पंजाने मलम लावावे. इतरांच्या घरी कोणीतरी हे काम न मागता, ठरलेल्या वेळी करावे. एक काळजी मात्र घ्यावी: पेट्रोलियम जेली मुरलेले कपडे चटकन पेट घेतात. मलम लावून देवघरात समई उजळताना किंवा शेगडीपाशी जाताना साडीचा पदर, शालीचे टोक आवरून घ्यावे.

पिवळी खपली, पू, ताप, झपाट्याने पसरणारी वेदनादायी लाली, एकाएकी उठलेले दुखरे पाणीदार फोड किंवा सर्वांग लाल होणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. एकच चट्टा महिनोन्‌महिने उपचारांना दाद देत नसेल, तर तो इसबच आहे असे गृहीत न धरता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. त्याचा लहानसा तुकडा तपासावा लागू शकतो.