सॉफ्टवेअर बंद पडते, तेव्हा चित्रांचे काय?

२०२६च्या फेब्रुवारीत मी अल्लीपूरला गेलो, तेव्हा माझा भाचा संगणकासमोर हात बांधून बसला होता. हिंगणघाट तालुक्यातल्या या गावी बसून तो शाळकरी मुलांसाठी हलत्या चित्रांचे धडे तयार करतो. ‘अ‍ॅडोबी’ कंपनीने ‘अ‍ॅनिमेट’ची विक्री १ मार्चपासून बंद करण्याचे नुकतेच जाहीर केले होते. ‘‘मामाजी, मायं सारं काम याच्यातच हाय,’’ एवढेच तो म्हणाला.

जगभर ओरड झाली आणि काही दिवसांतच कंपनीने पाऊल मागे घेतले. अ‍ॅनिमेट मिळत राहील, दुरुस्त्याही होतील, पण नवी भर पडणार नाही, असा खुलासा आला. घरच्यांना हायसे वाटले. मला वाटले नाही.

कारण हा अनुभव नवा नाही. अ‍ॅनिमेट म्हणजे पूर्वीचे ‘फ्लॅश’. २०२०च्या अखेरीस फ्लॅश प्लेअर बंद झाला आणि त्यावर चालणारे कितीतरी खेळ नि धडे मुके झाले. त्याआधी २०१४ साली ‘ऑटोडेस्क’ने ‘सॉफ्टइमेज’ बंद करत असल्याचे जाहीर केले; ‘ज्युरासिक पार्क’मधले डायनासोर ज्यावर चालायला शिकले, ते हे सॉफ्टवेअर!

आमच्या कापूसपट्ट्याला हे समजावून सांगायला नको. पूर्वी घरची सरकी राखून पुढच्या साली पेरत. आता दरसाल पाकीट विकत आणावे लागते. सॉफ्टवेअरचेही तेच झाले आहे. पूर्वी एकदा सीडी घेतली की ती आपली असे. आता वर्गणी भरू तोवरच हत्यार हातात.

मग पर्याय काय? भाच्यासाठी मी दोन नावे काढली. ‘ब्लेंडर’ची मूळ कंपनी बुडाल्यावर २००२ साली लोकांनी एक लाख युरो जमवून ते सर्वांसाठी मोकळे करून घेतले. त्यावरच केलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले. दुसरे ‘ओपनटून्झ’. जपानच्या जिब्ली स्टुडिओत वापरात असलेले हे सॉफ्टवेअर २०१६पासून फुकट मिळते. दोन्हींचा मूळ संकेत खुला असल्याने एखाद्या कंपनीने मनात आणले म्हणून ती नाहीशी होत नाहीत.

पण फुकट म्हणजे सोपे नव्हे. अ‍ॅनिमेटची मूळ फाईल यांपैकी कशातच थेट उघडत नाही. हात नव्याने बसवावा लागतो, त्याला महिने जातात, आणि तेवढे दिवस घर कशावर चालायचे, हा प्रश्न कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात नसतो. म्हणून आम्ही आधी जुने काम वाचवायला घेतले. प्रत्येक धड्याचा व्हिडिओ, प्रत्येक पात्राची सुटी चित्रे वेगळी काढून दोन ठिकाणी ठेवायची. हे अ‍ॅनिमेट चालू आहे तोवरच जमणार.

१९१५ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. त्यांना वर्गणी नव्हती, एवढे भाच्याला सांगितले. तो हसला नाही. बैलजोडीची चित्रे काढून झाली होती, विहिरीचा धडा उरला होता.