पिंजरा नव्हे, मखर!

वेगवान गाडी बाळगणाऱ्यांविषयी माझी काही तक्रार नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने ती घ्यावी, ज्याच्याकडे धाडस आहे त्याने ती पळवावी, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याने माझ्यासारखं बँकेत बसून इतरांचं व्याज मोजावं. तक्रार आहे ती पिंजऱ्याच्या नावाखाली गाडीत बसवल्या जाणाऱ्या मखराबद्दल.

शर्यतीच्या गाडीत आतून पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो, त्याला म्हणतात रोल केज. गाडी उलटली तर टप माणसाच्या डोक्यावर येऊन बसू नये, ही त्यामागची योजना. आमच्या ओळखीतल्या एका चिरंजीवांनी तो खिडक्यांचे ग्रिल करणाऱ्याकडून करून घेतला. चार नळ्या, वर लाल रंग. "काका, एकदम सेफ!" इंजिनावर दीड लाख, टायरांवर चाळीस हजार आणि जिवावर साडेचार हजार. त्यातही घासाघीस केलेली!

अहो, मोटार शर्यतींचे नियम करणारी एफआयए ही संस्था या बाबतीत आमच्या ऑडिटरपेक्षा खाष्ट आहे. मुख्य कमान एकाच अखंड, बिनसांध्याच्या नळीची. व्यास ४५ मिलिमीटर असेल तर जाडी किमान अडीच, ५० असेल तर दोन. वाकाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. नळी कोपऱ्यात चेपली की तिची ताकद तिथेच संपली. आणि पाय नुसत्या पत्र्यावर टेकवायचे नाहीत. खाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी हवी. नाहीतर गाडी उलटताच नळी पातळ पत्रा फोडून खाली घुसते आणि टप येतो भेटीला.

आम्हां कॉमर्सवाल्यांना हे चटकन कळतं. धक्का एकीकडे डेबिट पडला की दुसरीकडे क्रेडिट व्हायलाच हवा. त्यासाठीच तिरक्या नळ्या. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. पत्र्याच्या छपराची कैची करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तिरकी नळी वाचवलीत, तर ती नोंद तुमच्या मानेच्या खात्यावर पडते.

जानेवारी २०२० मध्ये माँटे कार्लो रॅलीत ओट टानाकची गाडी ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने रस्ता सोडून उतारावरून गडगडत गेली. तो आणि त्याचा जोडीदार, दोघेही गंभीर इजा न होता बाहेर आले. हे चिरंजीव मला नेमकं हेच ऐकवतात. पण बाबा रे, पिंजऱ्याच्या आत ते शर्यतीच्या खास आसनात पट्ट्यांनी जखडलेले होते, डोक्यावर हेल्मेट होतं. तू बाजारात कोथिंबीर आणायला जातोस तो उघड्या डोक्याने! त्या डोक्याशेजारी पोलादी नळी म्हणजे सोटा घेऊन बसलेला सहप्रवासी. साधा खड्डा लागला तरी तो काम बजावेल.

तेव्हा पिंजरा करायचा तर नियमाने करा, आणि हेल्मेट घालून शर्यतीच्या मैदानात न्या. ते जमत नसेल तर गाडीबरोबर आलेला पट्टा बांधा आणि पाय जरा हलका ठेवा. नुसती शोभा नको. मखरात बसवलेल्या मूर्तीचं विसर्जन ठरलेलंच असतं.